सोफिस्टांनी ग्रीक राजकीय विचाराला नेमके काय दिले?

प्राजक्त

आपल्याकडे पाश्चात्त्य राजकीय विचारांचा इतिहास बहुधा प्लेटोपासून शिकवला जातो. सोफिस्टांच्या वाट्याला त्यात एखादा परिच्छेद येतो आणि त्यात त्यांची ओळख ठरलेली असते: पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणारे, खऱ्याचे खोटे करणारे, सॉक्रेटिसाने निरुत्तर केलेले. ही ओळख जवळजवळ सगळी प्लेटोने करून दिलेली आहे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्देराचा प्रोटागोरस, लिओंटिनीचा गॉर्जियस, केऑसचा प्रॉडिकस, एलिसचा हिप्पियस, कॅल्सेडॉनचा थ्रॅसिमॅकस हे शिक्षक नगरानगरांतून फिरत शिकवत होते. त्यांच्या लेखनाचे बहुतांशी तुकडेच उरले आहेत, आणि बाकीचे आपल्याला कळते ते मुख्यतः विरोधकांकडून.

माझे म्हणणे असे आहे की लोकशाहीचे पहिले सैद्धांतिक समर्थन सोफिस्टांच्या वर्तुळातून आले, आणि ते 'प्रोटागोरस' या प्लेटोच्या संवादात आपल्याला सापडते. सॉक्रेटिस तिथे विचारतो की अथेन्सच्या सभेत जहाज बांधायचे असेल तर लोक फक्त जहाजबांधणी जाणणाऱ्याचे ऐकतात, इतर कोणी बोलायला उठला तर त्याला हुसकावून लावतात; पण नगराच्या कारभाराचा विषय निघाला की सुतार, लोहार, चांभार, व्यापारी, श्रीमंत, गरीब असा कोणीही उठून सल्ला देतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही, हे कसे? प्रोटागोरस उत्तरादाखल एक कथा सांगतो. माणसाला अग्नी आणि कलाकौशल्ये मिळाली होती, तरी एकत्र राहण्याची विद्या नसल्यामुळे माणसे एकमेकांचा घात करत होती. तेव्हा झ्यूसने हर्मीसच्या हाती लज्जा आणि न्यायबुद्धी पाठवली. वैद्यकासारखी ती मोजक्यांनाच द्यायची की सर्वांना, असे हर्मीसने विचारले. सर्वांना दे, झ्यूस म्हणाला, कारण मोजक्यांपाशीच ती राहिली तर नगरे उभी राहणार नाहीत.

राज्यकारभार ही तज्ज्ञांची मक्तेदारी का नसावी, याचे याहून जुने तात्त्विक उत्तर माझ्या वाचनात नाही. सदस्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

शोधयात्री

धागा उत्तम आहे. ज्या परिस्थितीत हे शिक्षक अथेन्सला आले, तिची भर घालतो.

इ.स.पू. ४६२ च्या सुमारास एफिआल्टीस या लोकशाहीवादी नेत्याने आरिओपॅगस या उमरावांच्या जुन्या परिषदेचे बहुतेक अधिकार काढून घेतले. पुढे पेरिक्लीस या नेत्याने न्यायालयात बसणाऱ्या नागरिकांना मानधन सुरू केले. दरवर्षी ६,००० नागरिक चिठ्ठ्या टाकून न्यायालयांसाठी निवडले जात, आणि एकेका खटल्यापुढे काही शे माणसे बसत. वादी आणि प्रतिवादी यांना स्वतःच बोलावे लागे, तेही जलघड्याळाने मोजून दिलेल्या वेळात. सभेत तर कोणताही नागरिक उठून बोलू शके. ज्या नगरात माणसाची मालमत्ता, प्रतिष्ठा आणि कधीकधी प्राणही भाषणावर अवलंबून होते, तिथे बोलण्याचे शिक्षण ही चैन नव्हती. प्रोटागोरस आपण काय शिकवतो हे त्याच संवादात सांगतो: स्वतःच्या घरचा कारभार नीट पाहणे, आणि नगराच्या कारभारात वाणीने व कृतीने अधिकाधिक समर्थ होणे. राजकारण शिकता येते, ते रक्तातून यावे लागत नाही, हा दावा उमरावांच्या कानांना किती बोचला असेल याची कल्पना करता येते.

न्यायसूत्र

मी येथे स्पष्टपणे असहमत आहे. दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला आक्षेप पैशाचा. राजकारण शिकता येते हे खरे, पण कोणाला? ज्या घरात तो संवाद घडतो ते कॅलिअसचे घर आहे, आणि या कॅलिअसने सोफिस्टांवर इतर सर्वांनी मिळून केला नसेल इतका खर्च केला, असे सॉक्रेटिस आपल्या बचावाच्या भाषणात सांगतो. प्रॉडिकसचे पूर्ण व्याख्यान ५० द्राख्मांचे होते आणि एक द्राख्माचे संक्षिप्त व्याख्यानही होते. सॉक्रेटिस म्हणतो की आपल्याला तेवढेच परवडले. एक द्राख्मा म्हणजे साधारणपणे कुशल कारागिराची एका दिवसाची मजुरी. मग ५० द्राख्मा देणारा कोण असणार? सभेत बोलण्याचा अधिकार चांभाराला होता, परंतु ती सभा जिंकण्याची कला श्रीमंताच्या मुलाला विकली जात होती. याला लोकशाहीचे समर्थन म्हणणे मला जड जाते.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. ज्या भाषणावर हा धागा उभा आहे ते प्लेटोने लिहिलेले आहे, आणि तेही प्रोटागोरसच्या मृत्यूनंतर. विरोधकाची साक्ष दोषारोपासाठी नको आणि कौतुकासाठी मात्र चालेल, हे कोणत्या न्यायाने?

रेवातीर

शुल्काचा विषय निघालाच आहे, तर प्राचीनांनी सांगितलेला प्रोटागोरसचा एक किस्सा. युआथ्लस नावाच्या शिष्याने करार केला की उरलेले शुल्क आपण पहिला खटला जिंकल्यावर देऊ. शिक्षण संपले, पण तो खटले घेईचना. शेवटी प्रोटागोरसने त्याच्यावर दावा लावला आणि म्हणाला, "मी जिंकलो तर निकालाने तुला पैसे द्यावे लागतील, आणि तू जिंकलास तर कराराने." शिष्य उत्तरला, "मी जिंकलो तर निकालाने काही देणे लागत नाही, आणि हरलो तर कराराने." शिक्षण वाया गेले नव्हते!

प्लेटोच्या संवादात मात्र प्रोटागोरसची रीत उदार आहे. शुल्क जास्त वाटले तर शिष्याने देवळात जाऊन शपथेवर सांगावे की या शिक्षणाचे मोल त्याच्या मते किती, आणि तेवढेच द्यावे.

प्राजक्त

न्यायसूत्र, आपला दुसरा आक्षेप महत्त्वाचा आहे म्हणून आधी तो घेतो. प्लेटोला लोकशाहीविषयी आस्था नव्हती, त्यामुळे तिच्या बाजूने इतका समर्थ युक्तिवाद स्वतःहून रचण्याचे त्याला काही कारण नव्हते. शिवाय तो प्रोटागोरसच्या इतर माहितीशी जुळतो. इ.स.पू. ४४४-४४३ मध्ये दक्षिण इटलीत थुरिई ही वसाहत स्थापन झाली, तिचे कायदे प्रोटागोरसने तयार केले अशी प्राचीन नोंद आहे. 'सर्व गोष्टींचे परिमाण माणूस आहे' हे त्याचे विधान तर प्लेटोच्या शत्रुत्वापलीकडेही टिकून राहिले. न्याय्य-अन्याय्य काय हे ठरवणारी माणसापलीकडची कसोटी आपल्या हाती नसेल, तर नागरिकांना एकत्र बसून, बोलून ते ठरवावे लागते. विधान आणि भाषण यांत मला एकच मन दिसते.

शुल्काविषयी: वैद्यही पैसे घेत असत, शिल्पकारही घेत असत. सोफिस्टांच्याच शुल्कावर एवढा रोष का, हे विचारायला हवे. जो पैसे देईल त्याला शिकवायचे म्हणजे शिष्याचे कुळ पाहायचे नाही. वारशाने सत्ता मिळणाऱ्यांना तेच खटकले असावे.

दीपस्तंभ

कुळ पाहिले नाही, पण थैली पाहिली. न्यायसूत्र यांच्या पहिल्या आक्षेपाला हे उत्तर पुरत नाही.

इतिहासवेडा

चर्चा प्लेटोभोवती फिरते आहे म्हणून इतिहासकार थ्युसिडिडीसकडे लक्ष वेधतो. सोफिस्टांचा विचार प्रत्यक्ष सभेत कसा उतरला हे पाहायचे असेल तर मिटिलीनीची चर्चा वाचावी.

साल इ.स.पू. ४२७. याच वर्षी गॉर्जियस आपल्या नगराचा दूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या भाषणाने लोक थक्क झाले. मिटिलीनी या नगराने अथेन्सविरुद्ध केलेले बंड मोडले गेले होते. सभेने रागाच्या भरात ठरवले की तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. त्या आज्ञेचे जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला आणि सभा पुन्हा भरली. क्लिऑन हा पुढारी जुन्या निर्णयावर ठाम होता. त्याने सभेला दटावले की तुम्ही नगराविषयी विचार करायला बसलेल्या नागरिकांपेक्षा सोफिस्टांची भाषणे ऐकायला आलेल्या श्रोत्यांसारखे वागता. त्याच्याविरुद्ध डायोडोटस उठला. त्याने दयेची याचना केली नाही. त्याचे म्हणणे असे की शिक्षा झालेल्या गोष्टीचा सूड म्हणून पाहू नये, पुढे त्यातून काय साधेल ते पाहावे. मृत्युदंडाच्या भयाने माणसे गुन्ह्यापासून परावृत्त झाल्याचे आजवर दिसलेले नाही. आणि शरण आलेल्यांनाही ठार केले तर पुढचे बंडखोर अखेरच्या क्षणापर्यंत लढतील. थोड्या मतांनी डायोडोटस जिंकला. दुसरे जहाज रात्रंदिवस वल्ही मारत गेले आणि आज्ञा अमलात येण्याच्या बेतात असताना पोचले.

आता हे प्रोटागोरसशी ताडून पाहा. त्याच्या त्याच भाषणात आहे की विचारी माणूस झालेल्या अपराधासाठी शिक्षा करत नाही, कारण झालेले न झालेले करता येत नाही. तो पुढच्यासाठी शिक्षा करतो, अपराध्याने आणि ती पाहणाऱ्याने पुन्हा तसे करू नये म्हणून. दंडाचा हा विचार सूडाच्या जुन्या न्यायापासून किती दूर आला आहे! मिटिलीनीचे असंख्य लोक या पद्धतीच्या युक्तिवादाने वाचले. बंडाचे सूत्रधार मानलेले हजाराहून थोडे अधिक लोक मात्र मारले गेले, तेही क्लिऑनच्याच प्रस्तावावरून, हे विसरता येत नाही.

न्यायसूत्र

इतिहासवेडा, प्रतिसाद मोलाचा आहे. पण अकरा वर्षांनी, इ.स.पू. ४१६ मध्ये, त्याच अथेन्सचे दूत मेलॉस बेटावर जाऊन सांगतात की न्यायाचा प्रश्न बलाने समान असणाऱ्यांमध्येच येतो. बलवान आपल्याला शक्य ते करतात आणि दुर्बळ सोसतात. मेलॉसच्या पुरुषांना तेव्हा खरोखरच ठार केले गेले. हीही त्याच शिक्षणाची भाषा नव्हे काय? थ्रॅसिमॅकस तर प्लेटोच्या 'रिपब्लिक' संवादात उघडच म्हणतो की न्याय म्हणजे बलवंताचे हित.

मास्तर

या वळणावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण 'सोफिस्टांचे मत' असे एकवचनी काही नव्हते आणि ते एक मानल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात. त्यांच्यात समान होता तो प्रश्न. नोमोस, म्हणजे रूढी, संकेत आणि कायदा, एका बाजूला. आणि फ्युसिस, म्हणजे निसर्ग, दुसऱ्या बाजूला. नगराचे कायदे निसर्गतः आहेत की माणसांनी ठरवलेले? आणि ठरवलेले असतील तर ते पाळायचे कशासाठी?

उत्तरे अगदी वेगवेगळ्या दिशांना गेली. प्रोटागोरसच्या मते कायदा माणसाने घडवलेला आहे आणि म्हणूनच मोलाचा आहे, कारण त्याच्याविना माणूस टिकत नाही. हिप्पियस कायद्याला माणसांवरचा जुलमी सत्ताधीश म्हणतो, कारण निसर्गाने आप्त असलेल्यांना तो परके करतो. अँटिफॉन सांगतो की साक्षीदार असतील तेव्हा कायदा थोर मानावा आणि कोणी पाहत नसेल तेव्हा निसर्गाला अनुसरावे; त्यात आपले हित आहे. कायदा मोडला आणि कोणाला कळले नाही तर काही बिघडत नाही, निसर्गाविरुद्ध गेलात तर कोणाला कळो न कळो, हानी होतेच. हे वाचून अस्वस्थ व्हायला होते, आणि व्हावेच. त्यातच अँटिफॉनचे आणखी एक निरीक्षण आहे: कायदा पाळणाऱ्यावर हल्ला होतो तेव्हा कायदा आधी त्याला वाचवत नाही, आणि नंतर न्यायालयातही अन्याय करणारा आणि सोसणारा दोघांनाही बोलून पटवण्याची सारखीच संधी असते. हा कायद्याच्या संरक्षणक्षमतेवरचा गंभीर आक्षेप आहे आणि तो आजही निकालात निघालेला नाही.

थ्रॅसिमॅकसचे वाक्य न्यायसूत्र यांनी उद्धृत केले ते बरोबर आहे, परंतु त्याची पुढची मांडणी पाहावी. लोकशाही लोकशाहीला सोयीचे कायदे करते, जुलमी सत्ता आपल्याला सोयीचे करते, आणि प्रत्येक सत्ता आपल्या हिताला प्रजेसाठी 'न्याय' असे नाव देते. हा उपदेश आहे की निदान? मला ते निदान वाटते. कायदा कोणाच्या हिताचा आहे, हा प्रश्न राजकीय विचारात त्याच्याइतक्या रोखठोकपणे आधी कोणी मांडलेला मला दिसत नाही. कॅलिक्लीसचे वेगळे आहे. बलवानाने दुर्बळांवर राज्य करावे हे तो आदर्श म्हणून सांगतो. पण ज्या 'गॉर्जियस' संवादात तो बोलतो, त्यातच तो सोफिस्टांना कवडीमोल ठरवतो. त्याला त्यांच्या रांगेत बसवणे योग्य नाही.

अरुंधती

मास्तरांनी अँटिफॉनची एकच बाजू दाखवली. त्याच्याच लेखनात, ग्रीक असो वा बर्बर (म्हणजे ग्रीकेतर), आपण सर्व निसर्गतः सारखेच जन्मतो असे आहे. सगळे जण तोंडाने आणि नाकाने श्वास घेतात आणि हातांनी खातात, असे तो लिहितो. थोर कुळात जन्मलेल्यांना मान देण्याच्या रीतीवर त्याने टीका केली आहे. लायकोफ्रॉन हा सोफिस्ट कुलीनतेला पोकळ म्हणतो. आणि गॉर्जियसचा शिष्य अल्किडॅमस याचे वाक्य तर ठळक अक्षरांत छापावे असे आहे: देवाने सर्वांना मुक्त सोडले आहे, निसर्गाने कोणालाही गुलाम केलेले नाही. स्पार्टाने पिढ्यानपिढ्या दास्यात ठेवलेल्या मेसेनियाच्या लोकांची मुक्तता झाली, त्या संदर्भातले हे भाषण आहे.

ॲरिस्टॉटल पुढे काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे प्रतिपादन करतो, तेव्हा गुलामगिरी केवळ कायद्याने आहे, निसर्गाने नाही, म्हणून अन्याय्य आहे, असे म्हणणाऱ्यांचा उल्लेख त्याला करावा लागतो. जन्माने माणूस लहानमोठा ठरवणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तरी या वाक्यांचे मोल सांगावे लागू नये.

शोधयात्री

अरुंधतीताईंच्या प्रतिसादातील एका मुद्द्याला पुरवणी जोडतो. अँटिफॉनचा हा मजकूर इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या पपायरसवर आहे आणि तो प्रथम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रसिद्ध झाला. ओळी फाटलेल्या होत्या, आणि रिकाम्या जागी 'थोर पित्यांची मुले' असे शब्द भरले गेले. त्यावरून अँटिफॉन कुळाच्या उच्चनीचतेवर टीका करतो असे मानले जाई. १९८४ मध्ये त्याच लेखनाचा आणखी एक तुकडा प्रसिद्ध झाला आणि तो या जागी जोडला गेला. आता तिथे जवळच्यांचे आणि दूर राहणाऱ्यांचे, असे वाचले जाते: आपण जवळच्यांचे कायदे जाणतो व मानतो, दूरच्यांचे जाणतही नाही आणि मानतही नाही, आणि एवढ्यापुरते आपण एकमेकांशी बर्बरांसारखे वागतो. म्हणजे टीकेचा रोख कुळाऐवजी आपपरभावावर आहे. ग्रीक आणि बर्बर निसर्गतः सारखे, हे विधान मात्र जसेच्या तसे आहे, आणि माझ्या मते या नव्या वाचनाने ते अधिक धारदार झाले आहे.

दीपस्तंभ

दूरच्यांचे कायदे म्हटल्यावर इतिहासकार हिरोडोटसची गोष्ट आठवते, तिचा भारताशीही संबंध आहे. इराणचा सम्राट दारियस याने दरबारातील ग्रीकांना विचारले की किती धन दिले तर मेलेल्या आईवडिलांना खाल? कितीही दिले तरी नाही, असे ते म्हणाले. मग त्याने कॅलेटिए नावाच्या भारतीय लोकांना, ज्यांच्यात ती चाल होती असे हिरोडोटस म्हणतो, आईवडिलांना जाळायला काय घ्याल असे विचारले, तेव्हा ते किंचाळून म्हणाले की असले अभद्र बोलू नका. नोमोस हाच सर्वांचा राजा, असा कवी पिंडारचा दाखला देऊन हिरोडोटस गोष्ट संपवतो. या गोष्टीमागे सोफिस्टांच्या चर्चेचा काळ स्पष्ट दिसतो.

माझी शंका अशी. प्रत्येकाचा नोमोस त्याच्यापुरता खरा असेल, तर वाईट कायद्याला वाईट म्हणायचे कशाच्या आधारावर? मिटिलीनीचा पहिल्या दिवशीचा ठरावही सभेनेच केला होता.

मास्तर

दीपस्तंभ, आपली शंका या विषयाच्या मर्माला हात घालते. 'थीएटीटस' संवादात प्लेटोने प्रोटागोरसच्या वतीने जे उत्तर मांडले आहे ते असे की नगराला जे न्याय्य वाटते ते त्याला तसे वाटते तोवर त्याच्यासाठी न्याय्य असते. परंतु सर्व समजुती सारख्याच हितकर नसतात. आजाऱ्याला अन्न कडू लागते हे खरेच असते, तरी वैद्य औषधाने त्याची स्थिती पालटतो. तसा सुज्ञ वक्ता नगराला हानिकारक गोष्टींऐवजी हितकर गोष्टी न्याय्य वाटतील असे करतो. डायोडोटसने दुसऱ्या दिवशी केले ते नेमके हेच होते. हे उत्तर पूर्ण समाधान देत नाही हे मान्य, कारण हितकर काय हे पुन्हा कोणी ठरवायचे? पण पहिल्या दिवशीचा ठराव दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येतो, ही तरतूद त्यात आहे.

याच काळातला एक अनामिक ग्रंथकारही येथे आठवावा. त्याचा मजकूर इयाम्ब्लिकस या बऱ्याच नंतरच्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात दडला होता आणि तो वेगळा काढला गेला १८८९ मध्ये. तो म्हणतो की पोलादी देहाचा, कधी आजारी न पडणारा अतिमानव जन्मला तरी कायदा मानणाऱ्या जनसमूहापुढे त्याचा निभाव लागणार नाही. सुव्यवस्था असेल तर लोकांत विश्वास राहतो आणि पैसा खेळता राहतो. ती नसेल तर लोक पैसा दडवून ठेवतात आणि शेवटी जुलमी सत्ता येते. कॅलिक्लीसला याहून समर्पक उत्तर प्लेटोनेही दिलेले नाही, असे मी म्हणेन.

रेवातीर

या अनामिक ग्रंथकाराविषयी स्वतंत्र धागा यावा ही विनंती.

न्यायसूत्र

माझा शुल्काचा आक्षेप मी मागे घेत नाही. राजकीय शिक्षण विकत घ्यावे लागणे ही लोकशाहीतील खरी विषमता आहे. तरी मूळ प्रश्नाकडे परत येताना माझ्या बाजूनेही एक भर घालतो. लायकोफ्रॉनच्या मते कायदा हा परस्परांच्या हक्कांची हमी देणारा करार आहे. ॲरिस्टॉटल 'राज्यशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात हे मत नोंदवतो ते खोडण्यासाठी: एवढ्यावर राज्य थांबले तर ते संरक्षणाची युती होईल, नागरिकांना सद्गुणी करणे हे त्याचे काम राहून जाईल. मला येथे लायकोफ्रॉन जवळचा वाटतो. राज्याने माझे हक्क राखावेत, मला सद्गुणी करण्याचा भार उचलू नये. 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन हे पात्रही लोकमत म्हणून असाच एक करार मांडतो: अन्याय करायचा नाही आणि सोसायचाही नाही. पुढचा सगळा ग्रंथ हा त्याला आणि थ्रॅसिमॅकसला दिलेले उत्तर आहे.

प्राजक्त

न्यायसूत्र, लायकोफ्रॉन आणि प्रोटागोरस यांच्यातील हा फरक आपण फार नेमका पकडलात. प्रोटागोरस या बाबतीत ॲरिस्टॉटलच्या जवळ जातो, कारण नगर माणसाला घडवते असे तोही मानतो. फक्त त्याच्याकडे ते काम एखाद्या शासनकर्त्याचे नाही. आई, दाई, वडील, शिक्षक, शेजारी, कायदे हे सगळे मिळून न्याय शिकवत असतात, म्हणून त्याचा वेगळा शिक्षक दाखवता येत नाही. जसे ग्रीक भाषेचा शिक्षक कोण असे विचारले तर कोणाकडे बोट दाखवणार, असे तो विचारतो. आपल्या शुल्काच्या आक्षेपालाही येथे थोडे उत्तर मिळते. मुख्य शिक्षण सर्वांना विनामूल्य मिळालेलेच असते, आणि आपण त्यात जरा पुढे नेतो, एवढाच त्याचा दावा आहे.

ॲरिस्टॉटलच्या त्याच तिसऱ्या भागात पुढे बहुसंख्यांच्या एकत्रित शहाणपणाचा युक्तिवाद येतो: अनेकांनी मिळून केलेली मेजवानी एकाच्या खर्चाने केलेल्या मेजवानीपेक्षा सरस असते, आणि घर चांगले की वाईट हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला अधिक कळते. प्रोटागोरसचे नाव तिथे नाही, पण चांभाराला सभेत बोलू द्यावे की नाही, या प्रश्नाचाच तो पुढचा टप्पा आहे.

न्यायसूत्र

एक मर्यादा नोंदवावी लागेल. या युक्तिवादाच्या जोरावर ॲरिस्टॉटल सामान्य नागरिकांना विचारविनिमयात आणि न्यायदानात वाटा देतो, अधिकारी निवडण्याचा आणि त्यांच्याकडून हिशेब घेण्याचा अधिकार देतो. मोठी पदे एकेकट्याच्या हाती सोपवणे मात्र तो सुरक्षित मानत नाही. झ्यूसच्या आज्ञेत अशी अट नव्हती.